सुमोच्या पाया पडलो

सांगायची लाज वाटते, पण सांगतो. हसाल तुम्ही. हसा! मलिंगारच्या म्युझियममध्ये माझी जी फजिती झाली, ती वैऱ्याचीही होऊ नये.

एकवीस सालचा उन्हाळा. अण्णा, म्हणजे माझे वडील, आमच्या गावच्या तालमीचे वस्ताद, मे महिन्यात कोरोनाने गेले. मला जाता आलं नाही. शेवटचं पायांचं दर्शनही नाही. कुस्तीसाठी मी शाळा सोडली, मग कुस्तीही सोडली आणि इकडे आयर्लंडला, क्लोनडॉकिनच्या हॉटेलात तंदूर सांभाळायला आलो. म्हणून अण्णा दोन वर्षं माझ्याशी बोलत नव्हते. माफी मागायची राहूनच गेली.

मी खोलीबाहेर पडेना, तेव्हा रूममेट निखिलने मला गाडीत कोंबलं. "चल रे! मलिंगारला एका आजोबांनी घरामागे सुमो कुस्तीचं म्युझियम केलंय. तुझाच विषय!"

म्युझियम कसलं, शेडच ती! आत मातीचा गोल आखाडा, आणि कडेला भला थोरला सुमो. ते पोट, त्या मांड्या, ती उभं राहायची ढब... थेट अण्णा!

आता आखाड्यापुढे बूट घालून कोण उभं राहील? मी बूट काढले, चिमूटभर माती कपाळाला लावली. तालमीत त्यानंतर वस्तादांच्या पाया पडायचं असतं. सवय हो! मी वाकलो आणि सुमोचे पाय धरले.

"अरे, पुतळा आहे तो!" निखिल ओरडला.

मला का ठाऊक नव्हतं? पण पाय सुटेनात. "अण्णा, चुकलो," म्हणून रडलो. मग उठवेना, म्हणून त्याच्या कमरेचा पट्टा धरला. पहिलवान निघाला कागदाच्या लगद्याचा, आतून पोकळ! आला की सरळ अंगावर! मी उताणा, तो माझ्या छातीवर.

मालक आजोबा धावत आले. "रडू नकोस रे, सगळं ग्रँड आहे, काही बिघडलं नाही! त्याची करंगळी आधीच तुटलेली होती."

"करंगळीसाठी नाही रडत तो," निखिल म्हणाला. "त्याचे वडील कुस्ती शिकवायचे. नुकतेच गेले."

आजोबांनी टोपी काढली. मग हळूच विचारलं, "आणि तू? तूही लढतोस?"

"नाही," मी सुमोखालून म्हणालो. "मी सोडली कुस्ती."

"ते दिसतंयच," आजोबा म्हणाले.

अण्णा असते तर इतक्या प्रेमाने बोलले नसते. पण मला असं उताणं पडलेलं पाहून बोलले तरी असते.