आठ ताटल्या

सहलीच्या पिशवीतल्या ताटल्या मोजायचं काम आमच्या धाकटीचं. ती सहा-सात वर्षांची असताना बार्शीच्या छोट्या गाडीत आमची एक स्टीलची ताटली राहून गेली होती. आईनं त्या एका ताटलीवरून सोलापूरला पोचेपर्यंत सगळ्यांचं डोकं खाल्लं, कारण ताटलीवर तिच्या वडिलांचं नाव कोरलेलं होतं. तेव्हापासून निघताना एकदा आणि परतताना एकदा धाकटी फरशीवर मांडी घालून बसायची, एकेका ताटलीला बोट लावायची आणि ओरडून सांगायची, "चार!" आप्पा, आई, मी आणि ती. माणसं चार, ताटल्या चार.

आमचे वडील, म्हणजे आप्पा, एका हायस्कुलात क्लार्क होते. वर्षभर मान मोडून काम करायचे, पण दसरा झाला की दिवाळीच्या आधी एक दिवस सहल, हा त्यांचा नेम होता. पाऊस संपलेला असतो, रस्ते सुकलेले असतात, ज्वारी नुकती वितभर वर आलेली असते आणि आईनं फराळाचं अजून मनावर घेतलेलं नसतं. सकाळी निघायचं आणि दिवेलागणीला घरी. मुक्काम नाही, हॉटेल नाही. दशम्या, कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दह्याचा डबा. आमच्या वर्गातल्या पोरी महाबळेश्वरला जाऊन आल्याचं सांगायच्या आणि आम्ही सांगायचो वेळापूरचं देऊळ, नाहीतर कुडलचा संगम. मला लाज वाटायची. धाकटीला नाही वाटायची. ती दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन असं वर्णन करायची की पोरी मला येऊन विचारायच्या, "खरंच एवढं भारी आहे व्हय गं?"

कुर्डुवाडी ते बार्शी तेव्हा अरुंद रुळांवरची छोटी गाडी धावायची. धावायची म्हणजे काय, चालायची. आप्पा म्हणायचे, "खाली उतरून भुईमूग उपटा आणि परत चढा, गाडी कुठं जात नाही." आम्हाला ते खरं वाटायचं. धाकटी खिडकीच्या गजांना नाक लावून बसायची, शेतातल्या प्रत्येक माणसाला हात करायची आणि कुणी उलट हात केला की माझी मांडी बडवायची. "अक्का, बघितलंस? अक्का, त्यांनी मला केला!" माझ्या मांड्या लाल व्हायच्या. मी खेकसायचे तिच्यावर. आता वाटतं, खेकसले नसते तर काय बिघडलं असतं?

पण तिचं सगळ्यात लाडकं ठिकाण नळदुर्ग. किल्ल्यात नदीवर जुना बंधारा आहे आणि त्या भिंतीच्या पोटातच पाणीमहाल. वरचं धरण भरून वाहिलं तरच बंधाऱ्यावरून दोन धबधबे पडतात, नर आणि मादी. एरवी नुसता दगड. त्यामुळे सप्टेंबर लागला की धाकटी आप्पांच्या पेपरात डोकं घालून धरण किती भरलं ते बघायची. आमच्या भागात पाणी भरून वाहतंय हीच मुळात नवलाई. भरलं की घरभर नाचायची.

ती बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती तेव्हाची गोष्ट. पुढं पुण्याला एम.एस्सी.ला जायचं तिचं पक्कं होतं. आप्पांनी तिला शब्द दिला होता की तोपर्यंत लग्नाचं नाव काढणार नाही. माझं लग्न होऊन चार वर्षं झाली होती आणि मी माहेरापासून दोन गल्ल्या सोडून राहत होते. त्या वर्षी धरण भरलं. नळदुर्गचं ठरलं. आदल्या दिवशी संध्याकाळी आप्पा माझ्याकडं आले, चहा घेतला, कपबशी खाली ठेवली आणि म्हणाले, "माढ्याच्या मावशीनं एक स्थळ आणलंय. बार्शीचं आहे. मुलगा सरकारी नोकरीत. ते लोक उद्या नळदुर्गला येतील. सहज भेटल्यासारखं करायचं. नुसतं बघून जातील."

मी म्हटलं, "आप्पा, तिला सांगितलंय का?"

"सांगितलं तर येणार नाही ती."

"तुम्ही शब्द दिलाय तिला."

आप्पा म्हणाले, "मी आता रिटायर होणार. पुन्हा असं स्थळ येईल का, मला माहीत नाही. तू एवढं कर माझ्यासाठी. तिला नीट कपडे घालायला लाव. तुझं ऐकती ती."

आमच्या आप्पांनी आयुष्यात माझ्यापुढं कधी हात पसरला नव्हता. मला स्वतःला तीन घरांनी पोहे खाऊन नाकारलं होतं आणि चौथ्यानं पसंत केलं होतं. ट्रे घेऊन बाहेर जाणं काय असतं ते मला पाठ होतं. तरी मी मान हलवली. आप्पा गेल्यावर मी नवऱ्याला सांगितलं, तर तो चिंचोळीच्या कारखान्यातून थकून आलेला, म्हणाला, "नुसतं बघायला काय होतं?" मीसुद्धा स्वतःला रात्रभर तेच सांगत राहिले.

सकाळी मी माझा मोरपंखी ड्रेस इस्त्री करून घेऊन गेले. धाकटी हसायला लागली. "धबधब्यावर इस्त्रीचा ड्रेस? अक्का, डोकं फिरलंय का तुझं?"

"फोटो चांगले येतात गं," मी म्हटलं. "घाल की. माझ्यासाठी घाल."

तिनं घातला. वर गिरकी घेऊन दाखवली. मग नेहमीसारखी मांडी घालून पिशवीपाशी बसली. मला तोपर्यंत ताटल्यांचं भानच नव्हतं. ती मोजत गेली आणि तिचं बोट थांबलं.

"आठ? आई, आपण चौघं. आठ कशाला?"

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "असू देत, लागतात वरखाली." आईला खोटं बोलता येत नाही, तिचा आवाज लगेच पातळ होतो. धाकटीनं माझ्याकडं बघितलं. सरळ, माझ्या डोळ्यांत. ती विचारत होती आणि मी काय सांगीन त्यावर विश्वास ठेवायला तयार होती. अगदी तेवढा एक क्षण माझ्या हातात होता.

मी म्हटलं, "अगं, असू देत की! पिशवी तुला उचलायचीय का? चल, गाडी आलीय."

आप्पांनी त्या वर्षी एस.टी.ऐवजी गाडी सांगितली होती. त्याचंही तिला नवल वाटलं आणि आनंदही झाला. रस्ताभर ती खिडकीतून डोकं काढून तुरीची पिवळी फुलं दाखवत होती. तिला सांगायला मी दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा गाडीच्या आरशात आप्पांचा चेहरा दिसला.

धबधबे जोरात होते. आम्ही झाडाखाली सतरंजी अंथरली तोवर समोरून मावशी आली. मागं मुलगा, त्याची आई आणि वडील. मावशीनं कपाळावर हात मारला. "अगं बया! तुमी बी हितंच? काय योगायोग म्हणायचा!" इतकं वाईट नाटक मी जन्मात बघितलं नाही. मुलाची आई धाकटीला वरपासून खालपर्यंत न्याहाळत म्हणाली, "नर-मादी बघायला आलोय, आता जोडा जमतोय का बघू." सगळे हसले. मी पण हसले. मेली मी पण हसले.

धाकटी हसली नाही, चिडलीही नाही. मला वाटलं होतं ती ताडकन उठेल, आप्पांना बोलेल, मला चार शब्द सुनावेल. मी देवाला म्हणत होते, उठू दे तिला, होऊ दे तमाशा, सुटू दे हे सगळं. ती उठली, पिशवी जवळ ओढली, आणि एकेक करून आठ ताटल्या मांडल्या. पुसून मांडल्या. दशम्या वाढल्या, चटणी वाढली. मुलाच्या वडिलांनी विचारलं त्याला उत्तरं दिली. स्वयंपाक येतो का, येतो. पुढं शिकायचंय का, बघू. पुण्याचं पक्कं असलेली पोरगी 'बघू' म्हणाली.

जेवणं झाल्यावर मावशीच्या आग्रहानं सगळे पाणीमहाल बघायला गेले. अरुंद पायऱ्या उतरून आत गेलं की एक झरोका आहे. त्याच्या पुढ्यात पाणी नुसतं कोसळत असतं आणि आत मात्र कोरडं. लहानपणी ती तिथून हलायची नाही. त्या दिवशी आम्ही दोघीच मागं राहिलो. ती पाण्याकडं बघत म्हणाली, "तुला माहीत होतं."

विचारत नव्हती.

"अक्का, तू सांगितलं असतंस ना, तरी मी आले असते. आप्पांसाठी आले असते. मनाची तयारी करून आले असते."

मी तिचा हात धरायला गेले. तिनं झटकला नाही. माझ्या हातात तसाच राहू दिला, आणि ते झटकण्यापेक्षा वाईट होतं.

त्यांची पसंती दोन दिवसांत आली. धाकटी 'हो' म्हणाली. मी तिला एकटीला गाठून म्हटलं, "नाही म्हण, मी आहे तुझ्या पाठीशी." ती शांतपणे म्हणाली, "राहू दे अक्का." लग्न झालं. एम.एस्सी. राहिली ती राहिलीच. नवरा खोटा माणूस नाही, तिला नीट वागवतो, पोरगी गोड आहे. म्हणजे भांडायला सुद्धा कुणी नाही. कुणाला बोल लावायचा म्हटलं की माझंच तोंड पुढं येतं.

त्यानंतर आमच्या सहली संपल्या. आप्पा दसऱ्यानंतर नुसते पेपर घेऊन बसायचे. धाकटी बार्शीहून दिवाळीला यायची, भाऊ नाही म्हणून भाऊबीजेला आम्ही दोघी एकमेकींना ओवाळायचो, ती माझ्या पोरांना कपडे आणायची. सगळं व्यवस्थित. फक्त मी कधी म्हटलं, "अगं, जाऊ या की कुठंतरी दिवसभर," की तिला काम निघायचं. एकदा लेकीचा ताप, एकदा घरी पाहुणे, एकदा सहामाही परीक्षा. मी पंधरा वर्षं विचारत राहिले आणि ती पंधरा वर्षं गोड बोलून टाळत राहिली.

यंदा धरण भरलं. आप्पांना आता काठीशिवाय चालता येत नाही. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी पेपर माझ्यापुढं धरला आणि म्हणाले, "तिला विचार. म्हणावं, आप्पांना एकदा दोघींबरोबर जायचंय. पाणीमहालात नाही उतरणार, वरूनच बघीन." मग म्हणाले, "माझं नाव सांगून विचार. नाही म्हणाली तर नाही."

मी फोन केला. आप्पांचा निरोप जसाच्या तसा सांगितला. मला वाटलं, यंदा काय कारण निघतंय. ती म्हणाली, "येते." एवढंच. मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन रडले. आईनं विचारलं काय झालं, तर म्हटलं कांदा.

रविवारी सकाळी आम्ही गाडी घेऊन सोलापूर स्टेशनवर गेलो. लेकीला रेल्वेत बसायचं होतं म्हणून धाकटी एस.टी. सोडून कुर्डुवाडीवरून आली होती, त्याच वाटेनं, फक्त आता रूळ मोठे आणि गाडीही मोठी. लेक धावत आजोबांना बिलगली. "आजोबा, मी शेतातल्या सगळ्यांना हात केला!" आप्पांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझं पण मन एकदम हलकं झालं. मला वाटलं, झालं, सुटलं, एवढ्या वर्षांनी सुटलं. मी धाकटीला मिठी मारायला पुढं झाले.

माझ्या खांद्याला जेवणाची पिशवी होती. धाकटीनं आधी ती उतरवून घेतली. तिथंच स्टेशनच्या बाकावर ठेवली, चेन उघडली, दशम्यांचा डबा बाजूला सारला, आणि बोट लावून मोजायला लागली. एक, दोन, तीन, चार, पाच. मग ताटल्यांखाली हात घालून पिशवीच्या तळापर्यंत चाचपलं.

"आई, काय शोधतीस?" लेकीनं विचारलं.

"काही नाही गं."

आप्पा काठीवर दोन्ही हात ठेवून रुळांकडं बघत उभे होते. आईनं पदर तोंडाला लावला. मी कसंबसं म्हटलं, "पाचच आहेत गं. आपण पाच जणंच आहोत."

"हो, बघितलं," ती म्हणाली. चेन लावली, पिशवी स्वतःच्या खांद्याला अडकवली आणि लेकीचा हात धरून गाडीकडं चालायला लागली.