चावत नाही म्हणाले म्हणून

"काय चावत न्हाय, भाऊ. मस्त हाय," खारी गावातले दादा आरशात बघत म्हणाले.

केबिन रोडवरच्या बुटांच्या दुकानात मी सेल्समन होतो. दादा साठीचे. पुतण्याच्या हळदीत घरच्या सगळ्या पुरुषांनी लाल हाय-टॉप घालून नाचायचं ठरलं होतं. हाय-टॉप म्हणजे घोट्याच्या वर येणारे, लेसवाले कॅनव्हासचे बूट. लालमध्ये फक्त नऊ नंबर उरला होता. दादांचा पाय दहाचा. दहा नंबर होता, पण काळ्यात.

"बाबा, काळा घ्या. आरामात नाचाल," मुलगी म्हणाली.

"सगळे लाल आन् मी एकटा काला? नवऱ्याचा काका हाय मी, बिल्डिंगचा वॉचमन न्हाय."

ती हसली नाही, माझ्याकडे वळली. "काका, तुम्हीच सांगा यांना. शुगर आहे त्यांना."

आमच्या धंद्यात ट्रायलला एकच प्रश्न असतो, चावतोय का? हो म्हटलं की मोठा नंबर काढायचा. नाही म्हटलं की बिल. दादांना मी दुकानभर चालवलं आणि विचारलं. ते नाही म्हणाले.

मग मी त्यांच्या पायातला एक बूट काढला. करंगळीपाशी लालभडक वळ उठला होता. मी त्यावर अंगठा दाबला. दादा आरशात दुसऱ्या पायातला बूट बघत होते. त्यांना कळलंच नाही. शुगरने पाय बधिर होतात, हे मला ठाऊक होतं. माझ्या बायकोचे तसेच होते.

"भाऊ, पॅक कर दूँ?" दुकानाच्या शेठनी काउंटरवरून मला विचारलं.

"कॅनव्हास आहे, सैल होईल," मी मुलीला म्हणालो. कॅनव्हास थोडं सैल होतंही. बोटांवरचं रबर होत नाही.

दादा हळदीत तेच लाल बूट घालून मनसोक्त नाचले. जखम मोजा काढल्यावर दिसली. ती चिघळली, आणि दोन बोटं कापावी लागली.

मुलगी दुकानात आली. भांडली नाही. "काका, तेव्हा तुम्हाला काही दिसलं नव्हतं ना?"

"ते स्वतःच चावत नाही म्हणाले," मी म्हणालो. पुढे सगळ्यांना हेच सांगत राहिलो.

दादा आता काठी घेऊन दारात बसतात. मी दिसलो की बाजूला बसवतात. "तुजा काय दोष, भाऊ? मलाच लाल पायजे होता."

नव्या सेल्समननी एवढंच करावं. गिऱ्हाइकाला विचारून थांबू नये. बूट उतरवून पाऊल बघावं, आणि दिसेल ते बोलावं. मी बघितलं होतं.