जाळाचा रंग

“ताई, जाळ कोणता?”

दोन दुकानांमधल्या खिडकीतून ही हाक आली की मी झेरॉक्स मशीन थांबवून मान वर करायची. पलीकडे शिक्केवाले काका स्पिरिटचा दिवा धरून उभे. तापवलेली तांब्याची तार नव्या रबराला टेकवायची आणि पुन्हा जाळात धरायची. जाळ हिरवा झाला तर रबरात क्लोरीन. शिक्के कापायच्या लेझर मशीनखाली त्यातून विषारी वायू सुटतो, म्हणून ते कापायचं नाही. पिवळा राहिला, तर पंखा लावून कापायचं.

अडचण एवढीच, की काकांना जन्मापासून रंगच नीट ओळखू यायचे नाहीत. हिरव्या शाईसाठी अडून बसलेल्या एका मुख्याध्यापकांना त्यांनी लालभडक पॅड दिलं आणि वर म्हणाले, “रंगावर काय हाय साहेब, अक्षर बघा की!”

उमरग्यात असे हट्टी कारागीर तुम्हीही पाहिले असतील. गिऱ्हाईक कितीही खोळंबलं तरी माझं उत्तर मिळाल्याशिवाय काका मशीन लावत नसत. मी वैतागायची, “अहो, रबराचा व्यापारी तर रोजचाच!”

“व्यापारी रोजचा, रबर रोजचं न्हाय.”

एकदा माझ्याकडे फॉर्म भरणाऱ्यांची झुंबड होती. हाक आली. मी मान वरही न करता ओरडले, “पिवळा!”

थोड्याच वेळात उग्र वास आला. धावत गेले, तर काका मशीन बंद करून पायरीवर खोकत बसले होते. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मला रडू फुटलं. “काका, मी बघितलंच नव्हतं हो.”

“लई गर्दी होती व्हय गं?” एवढंच म्हणाले.

आता ते दुसऱ्या कुणाला तरी विचारतील, असं मला वाटलं. दुसऱ्या दिवशी खिडकीत तोच दिवा, तीच हाक. मी इतकं वाकून पाहिलं, की भुवया होरपळायच्याच राहिल्या.

गेल्या हिवाळ्यात काका झोपेतच गेले. त्या खोकल्याचा काही संबंध नाही, असं डॉक्टर म्हणाले. मी दोनदा विचारलं.

काकांचं मशीन आता मी चालवते. त्या हाकेसाठी मात्र अजून जीव तुटतो. परवा सास्तूरहून एकजण पंपाच्या वायसरसाठी रबर घेऊन आला. तार जाळात धरली. हिरवागार! मी दिवा उचलून खिडकीपाशी नेला.

“काका, हिरवा हाय,” मी मोठ्यानं म्हणाले.

“कुणाला सांगायलाव, ताई?” त्या माणसानं विचारलं.

मी त्याचं रबर त्याला परत दिलं आणि दिवा विझवला.