टोंकखुर्दजवळची खोडलेली विहीर

भुताखेतांच्या गोष्टींना मी कधीच थारा दिला नाही. देवासच्या शाळेत गणित शिकवते. जे मोजता येतं तेवढंच खरं मानते. म्हणून तर जास्त संताप होतो... कारण हे मी स्वतः मोजलंय.

माझी भाची मृणाल जिऑलॉजी घेऊन बीएस्सी करते. उन्हाळ्यात तिला एका खासगी सर्व्हे कंपनीत इंटर्नशिप मिळाली — टोंकखुर्दकडच्या विहिरींची पाणीपातळी मोजायची. सर्टिफिकेट मिळालं तर पुढे नोकरीची आशा. बरोबरच्या दोन मुलांना जीप दिली. हिला साहेब म्हणाले, "बेटा, तुम ऑफिस में बैठके एंट्री करो."

मी स्कूटर काढली. म्हटलं, बस मागे.

सकाळचे साडेदहा. रस्त्याकडेला कडुनिंब, त्याच्याखाली विहीर. मृणालने टेपच्या टोकाला खडू फासला — कुठवर भिजला त्यावरून पाणी कळतं — आणि टेप आत सोडली. रीळ माझ्या हातात. अकरा मीटर चाळीस. त्यातून कठड्याची उंची वजा, सत्तर सेंटीमीटर. मुलं हेच विसरतात, म्हणून मी दोनदा बघितलं. कठड्याचा एक दगड फुटका होता. तेही तिने डायरीत लिहिलं.

आठवड्याने साहेबांनी बोलावलं. तपासणीत तिथे विहीरच सापडली नव्हती.

"घर बैठे भर दिया क्या?"

मी त्यांना तडक तिथे नेलं. कडुनिंब होता. खाली सपाट जमीन आणि बांधलेल्या दोन म्हशी. शेताचे म्हातारे मालक म्हणाले, "कुआँ? वो तो मेरे बाप ने ही मिट्टी डालके पूर दिया था, बेनजी."

"कठडा कैसा था?" मी विचारलं.

"पत्थर का. एक फूटा हुआ था... मैंने ही फोड़ा था, बहोत मार पड़ी थी."

साहेबांनी घड्याळ बघितलं. "मॅडम, रीडिंग कटवा दो, मैं साइन कर देता हूं."

फील्ड डायरीत खोडरबर चालत नाही. एकच रेघ मारायची, शेजारी सही करायची. मृणालने पेन उघडलं आणि माझ्याकडे बघितलं.

"मावशी, टेप तूच धरली होतीस ना?"

"मीच."

तिने रेघ मारली. सर्टिफिकेट मिळालं. त्या दोन मुलांनाही मिळालं, ज्यांची जीप मला जाता-येता एकाच चहाच्या टपरीसमोर दिसायची. त्यांचं एकही रीडिंग कापलं गेलं नाही.

जागा चुकली म्हणाल, तर रस्ता, झाड, मैलाचा दगड, सगळं मी पुन्हा जाऊन ताडून पाहिलं. ती विहीर कुठून आली, मला आजही सांगता येत नाही. पण रेघेखालचा आकडा स्वच्छ वाचता येतो — दहा मीटर सत्तर.