सिस्टरबाईंचा मासा

सिस्टरबाई माशाचा भाव आधी कधीच विचारत नसत. राहुरीच्या बाजारतळावर माझ्या ओट्यापुढे आल्या की छत्री मिटवायच्या, टपातल्या माशाकडे रोग्याकडे बघावं तसं बघायच्या आणि विचारायच्या, "हा काय खाऊन वाढला?"

पहिल्यांदा विचारलं तेव्हा मला वाटलं, बाई चेष्टा करते आहे. रविवारची गर्दी, हातात सुरी, अंगभर खवले. मी म्हणालो, "मासा विकतोय बाई, जावई न्हाई दाखवत. त्याचं खाणंपिणं कशाला विचारता?" लोक हसले. त्याही हसल्या. मग म्हणाल्या, "जावई आपण खात न्हाई. हा खायचाय. पोट फाडून दाखव."

आमच्या धंद्यात एक नियम आहे. सुरी लागली की मासा गिऱ्हाइकाचा. आधी वजन, मग पैसे, मग सुरी. पोट फाडल्यावर बाई नको म्हणाली तर तो मासा कुणाच्या गळ्यात मारायचा? मी तेच ऐकवलं, चांगल्या चढ्या आवाजात. त्यांनी शांतपणे सौदा केला. आत काहीही निघो, पैसे त्या देणार. फक्त फाडायचा तो इथेच, ओट्यावर, चार माणसांदेखत. मी मनात खूश झालो. बाईला व्यवहार कळत नाही असं वाटलं. जन्मात मी पुष्कळ सौदे केले, पण इतका घाट्याचा दुसरा नाही. तो घाट्याचा आहे हे कळायला मात्र बराच काळ जावा लागला.

त्या सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. माहेर सोनईकडचं. नवरा लवकर गेलेला, एकुलती मुलगी नाशिकला दिलेली. तालुक्यातल्या कितीतरी वस्त्यांवर त्यांनी बाळंतपणं केली होती, त्यामुळे बाजारातून निघाल्या की इकडून "जयभीम, सिस्टरबाई", तिकडून "रामराम, सिस्टरबाई" असं चालायचं. त्या प्रत्येकाला थांबवून जेवणाची चौकशी करायच्या. मला त्यांनी एकदा समजावून सांगितलं होतं. "दवाखान्यात कुणीबी आलं की आमी पयलं काय इचारतो? काय खाल्लंस? ताप नंतर, नाडी नंतर. मग माशाला का न्हाई इचारायचं? त्याच्या पोटात जे हाय, ते सांजच्याला माझ्या पोटात यायचंय."

मी पाथर्डीकडचा. आईबाप ऊसतोडीला जायचे. मी कोयता धरला नाही. सायकलच्या कॅरिअरवर घमेलं बांधून धरणावरचे मासे गल्लोगल्ली विकले आणि त्यावर स्वतःचा फरशीचा ओटा बांधला. फरशीवाला, गवंडी, बर्फवाला, एकालाही मी पहिल्या भावात सोडलं नाही. आणि ही बाई! भाव थोडा चढवून सांगायचा असतो, कारण गिऱ्हाईक पाडून मागणार हे धरलेलंच असतं. त्या सांगितला भाव मुकाट्याने देऊन मोकळ्या व्हायच्या. भिंतीशी कुस्ती खेळल्यासारखं वाटायचं. एकदा न राहवून मीच म्हणालो, अहो, थोडं कमी कर असं म्हणा तरी. त्या म्हणाल्या, "तुझं पोट तू सांभाळ. मी माशाचं बघते."

पंच्याण्णव-शहाण्णवचं साल असावं. बाजारात परदेशी मांगूर आला. काळा, मिशाळ, दांडगा मासा. एका तळेवाल्या शेठने ड्रम भरून माझ्या दारात आणला. त्याला बर्फ लागत नाही, चार तांबे पाण्यात दिवसभर वळवळत राहतो, आणि भाव रोहूच्या निम्मा. तोही मी आणखी पाडून घेतला. माझी बायको सुमन म्हणाली, याला वास येतोय. मी म्हणालो, माशाला वास येणार नाही तर काय अत्तर येणार?

त्या रविवारी रांग पार चहावाल्यापर्यंत गेली होती. सिस्टरबाई आल्या, छत्री मिटवली आणि नेहमीचा प्रश्न विचारला. शेठने सांगितलं होतं तेच मी सांगितलं, कोंडा आणि पेंड. सुरी फिरवली. आधी काळं पाणी आलं. मग पीस आलं. पांढरं, ब्रॉयलर कोंबडीचं, चांगलं बोटभर लांब. त्याच्यामागून आणखी एक.

रांगेतली माणसं वाकून बघू लागली. सिस्टरबाईंनी चष्मा सारखा केला आणि म्हणाल्या, "दामू, ह्यानं मेलेली कोंबडी खाल्लीय. किती दिसाची मेलेली, ते मला सांगता यायचं न्हाई." ठरल्याप्रमाणे पैसे ओट्यावर ठेवले, मासा तिथेच सोडला आणि त्या गेल्या. मी मागून ओरडलो, की पुन्हा माझ्या ओट्याकडे फिरकू नका, तुमच्या सुया-इंजेक्शनं सांभाळा, आणखीही बरंच. ओरडून वळलो तर रांग नव्हती.

पुढच्या रविवारी कुणी आलं नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मी मांगूर बंद केला, धरणाचा रोहू आणला, तरी माझ्या टपाकडे बघितलं की लोकांना पीस दिसायचं. आमचं घर रविवारवर चालत होतं. सुमन म्हणाली, ओटा भाजीवाल्याला देऊन टाकू आणि गावाकडे जाऊ. म्हणजे परत कोयता. मला ते फार लागलं.

मी आधी शेठच्या तळ्यावर गेलो. तळं कसलं, पडीक वीटभट्टीचा खड्डा. आसपासच्या पोल्ट्रीतल्या मेलेल्या कोंबड्या त्यात ओतत होते आणि वर घारी फिरत होत्या. शेठ म्हणाला, कालवणात पडल्यावर कोण बघतं? त्याची गचांडी धरण्यापर्यंत गोष्ट गेली, हाती काही लागलं नाही. तिथून तडक सिस्टरबाईंच्या क्वार्टरवर गेलो, भांडायला. चूक सगळी माझी असं मला वाटत नव्हतं. आजही वाटत नाही.

त्या लसूण सोलत बसल्या होत्या. मी दारातूनच सुरुवात केली. तुम्ही माझा धंदा बसवला. चार लोकांत बोलायची काय गरज होती, माझ्या कानात सांगता आलं नसतं का? त्यांनी लसणाचा निम्मा ढीग माझ्यापुढे सरकवला. "तोंड चालू दे, पण हात बी चालू दे." मी सोलता सोलता भांडलो. माझं संपल्यावर त्या म्हणाल्या, "कानात सांगितलं असतं, तर तू मला दुसरा चांगला मासा दिला असतास आन् ते ड्रम बाकीच्यांना इकलं असतंस. व्हय का न्हाई?"

मी लसूण सोलत राहिलो.

"चांगला मासा कुठं हाय ते मी दावते," त्या म्हणाल्या. "पर तिथं भाव पाडायचा न्हाई."

दुसऱ्या दिवशी माझ्या लुनावर मागे बसून त्या मला कालव्याकडच्या एका वस्तीवर घेऊन गेल्या. तिथे भागूबाई नावाची बाई आणि तिचा नवरा एका बंद पडलेल्या खाणीत रोहू आणि कटला वाढवत होते. कालव्याच्या झिरप्याने खाण भरलेली, पाणी हिरवं पण निरोगी. भागूबाईची दोन्ही पोरं सिस्टरबाईंच्या हातची. तिने कोंडा आणि शेंगदाण्याच्या पेंडीची मूठ टाकली तशी पाण्यात खळबळ झाली, आणि पुढे घुसणाऱ्या एका मोठ्या कटल्याला तिने नाव घेऊन झापलं. लहान मासा मागायचा नाही, मासा अंगानं भरल्याशिवाय ती जाळं टाकत नाही, असं तिने आधीच बजावलं.

भाव ऐकून माझा ठरलेला शब्द मी विसरलो. पाडायला सुरुवात केली. तर सिस्टरबाई बांधावरून म्हणाल्या, "पेंड काय भावानं येती ते इचारलंस का तिला? आधी ते इचार, मंग बोल." बाई माझ्याबरोबर आल्या, माझ्या लुनावर आल्या, आणि बोलल्या समोरच्या बाजूने. असा अडत्या देव कुणाला न देवो.

मासा महाग पडला, तो खपवायचा कसा? मी धंद्याचा नियमच उलटा केला. आधी सुरी, मग वजन. कुणी मागो न मागो, प्रत्येक माशाचं पोट लोकांसमोर उघडायचं. पहिल्या रविवारी समोर चिटपाखरू नव्हतं, तरी मी मासे फाडून फरशीवर मांडून बसलो. उरलेले सुमनने घरी शिजवले आणि शेजाऱ्यांना वाटले. पुढच्या वेळी एक मास्तर थांबले, वाकून बघितलं, पाव किलो घेतला. मग विद्यापीठाच्या कॉलनीतल्या बायका आल्या. महाग आहे म्हणाल्या, की मी ओरडायचो, आधी पोट बघा, मग बोला. बघायच्या आणि घ्यायच्या. पावसाळा सरेपर्यंत रांग पुन्हा चहावाल्याला टेकली. सिस्टरबाईही त्या रांगेत यायच्या, मी बंदी कधी घातलीच नव्हती अशा थाटात.

एक गोष्ट मात्र मी विसरलो नाही. लोक येऊन काय विचारायचे? "सिस्टरबाईंचा मासा आलाय का?" ओटा माझा, सुरी माझी, बर्फ माझा, लुना माझी, आणि मासा सिस्टरबाईंचा. मी खुद्द त्यांच्याकडे तक्रार केली. त्या म्हणाल्या, मग तुझ्या नावाची पाटी लाव की. मी पेंटरकडून लाल अक्षरांत पाटी करून घेतली. दुसऱ्याच दिवशी एक गृहस्थ ती अख्खी वाचून म्हणाले, "सिस्टरबाईंचा मासा मिळतो ते दुकान हेच ना?"

अठ्ठ्याण्णवला त्या निवृत्त झाल्या आणि मुलीकडे नाशिकला गेल्या. एस.टी.त बसेपर्यंत मला सांगत होत्या, की तुझा रंग पिवळट दिसतोय, लिव्हर तपासून घे.

त्या गेल्यावर थोड्याच दिवसांनी, ऐन रविवारच्या गर्दीत, तळेवाल्या शेठचा टेम्पो माझ्या ओट्यापुढे थांबला. मागे तेच ड्रम. एका मोठ्या जेवणावळीचं काम मला मिळालंय हे त्याला कळलं होतं. तो सगळ्यांदेखत म्हणाला, "बाई गेली नाशकाला. आता कोन बघतंय?"

मी सुरी खाली ठेवली. हातात सुरी असताना मला राग आवरत नाही. पण मला तोंड उघडावंच लागलं नाही. रांगेत एक म्हातारी पिशवी धरून उभी होती. ती म्हणाली, "काढ की मग एक ड्रममधला. ठिव हितं फरशीवर. दामू सुरी लावील, आमी बगतो." तिच्या मागची माणसंही पुढे सरकली, चांगलं दिसावं म्हणून.

शेठने ड्रमवर गोणपाट ओढलं आणि टेम्पो वळवला.

म्हातारीला मी टपातला सगळ्यांत चांगला कटला काढून दिला. भाव मात्र पुरा घेतला.