खाऱ्या विहिरीचा निळा

पुरवठादाराचे नाव: श्री. मोतीराम खंडारे. वय: एकसष्ट. शिक्षण: दहावी (इंग्रजी वगळून). व्यवसाय: शैवालजन्य नैसर्गिक रंगद्रव्याचे उत्पादन. हुद्दा: तांत्रिक प्रमुख. उत्पादनस्थळ: सिमेंटच्या टाक्या, नग चार. पाण्याचा स्रोत: खारे, स्वतःचे.

बडनेऱ्याच्या कुल्फी कारखान्याचा हा फॉर्म मोतीरामांनी सुवाच्य अक्षरात भरला होता. अकोल्याच्या एका कॉलेजात तेहतीस वर्षं प्रयोगशाळा परिचर असताना त्यांनी प्राध्यापकांच्या हातातली पिपेट अनेकदा सुलटी करून दिली होती. निवृत्तीनंतर ते खारपाणपट्ट्यातल्या आपल्या गावी आले. तिथल्या विहिरीचं पाणी ना पिकाला चालतं, ना डाळ शिजवायला. स्पिरुलिना नावाच्या शेवाळाला मात्र ते मानवलं. शेवाळांतून लाल, नारंगी, निळे रंग निघतात आणि आइस्क्रीमपासून लिपस्टिकपर्यंत सगळीकडे जातात; या शेवाळाचा निळा त्यातलाच. तो पेशींची झीज रोखतो, सूज उतरवतो, यकृत जपतो, असं म्हणतात. उंदरांपुरतं ते बऱ्यापैकी सिद्ध आहे.

कारखान्याचे मालक बापूसाहेब यांना रासायनिक निळ्यापासून सुटका हवी होती. शनिवारी दुपारी तीनपर्यंत वाळवलेल्या पावडरचा किलोभर नमुना पोचवायचा. कारखान्याच्या केमिस्टबाईंनी पास केला तर वर्षभराचा पुरवठा, नाहीतर फाईल बंद. दुसरं गिऱ्हाईक मोतीरामांना दोन वर्षांत मिळालं नव्हतं. टाक्या बुजवायच्या की ठेवायच्या, ते शनिवारी ठरणार होतं.

शनिवारी साडेदहाला ते टाक्यांवरची मोटार बंद करून घरी आले. अंधाऱ्या खोलीत पंख्याखाली जाळीवर दोन दिवस वाळत घातलेलं शेवाळ जागेवर नव्हतं.

"दुर्गा! माल कुठी हाय?"

"पत्र्यावर," स्वयंपाकघरातून दुर्गाबाई म्हणाल्या. "सकाळी नवालेच टाकला. सावलीत वाळवण बुरसते, हे मले सांगा लागते काय?"

"अवो, त्या कुरडया नोहोत!"

"दिसतेत तर तशाच."

वऱ्हाडात मे महिन्यात जे जे ओलं, चिवट आणि शेवेसारखं, ते ते उन्हात जातं. चाळीस वर्षांच्या संसारात दुर्गाबाईंचं एकही वाळवण वाया गेलं नव्हतं. पण हा निळा उन्हाला आणि चटक्याला टिकत नाही, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. सांगायची जबाबदारी तांत्रिक प्रमुखांची होती.

मोतीराम शिडी चढले. पत्रा हाताला पोळत होता. खाली येऊन त्यांनी चिमूटभर शेवाळ चुरून पेल्यातल्या पाण्यात टाकलं आणि दोघं पेल्याकडे बघत बसले. एरवी दहा मिनिटांत निळी रेघ उतरायची. दहा झाली, वीस झाली. पाणी बटाटे धुतल्यासारखं झालं.

दुर्गाबाईंनी पेला उचलून मोरीत ओतला. "नासलं ते नासलं. टाकीत हाय ना अजून?"

"हाय. पण ते ओलं हाय. वाळवाले येळ कुठी हाय?"

"मंग ओलंच न्या. चक्का नाही नेत काय लोकं?"

मोतीराम टाकीकडे पळाले. दुर्गाबाईंनी जुन्या पातळाच्या दोन पदरांतून हिरवं पाणी गाळलं आणि श्रीखंडाला पिळतात तसा गोळा पिळून काढला. रसवंतीवाल्याकडून बर्फ आला. गोळा बर्फासकट डब्यात भरून, आत थर्मामीटर ठेवून मोतीरामांनी ऑटो पकडला आणि अकोल्याला ते सुटत्या गाडीच्या जनरल डब्यात शिरले.

बडनेऱ्याच्या अलीकडे गाडी थांबली. सिग्नल. दीड वाजला, दोन वाजले. गाडीचा डबा तापला. थर्मामीटर अकरावर होता, मग सतरावर. पंचवीसच्या वर ओलं शेवाळ सडायला लागतं. बर्फाचं पाणी बाकाखाली वाहू लागलं.

"काका, मासे नेऊन राह्यले काय?" शेजारच्यानं पाय वर घेतले.

"नाही बाबू. रंग हाय."

"आता? होळी तर कवाचीच झाली ना!"

मोतीरामांनी पुन्हा थर्मामीटर पाहिला. आकडा बावीस होता.

दोन वीसला गाडी हलली. तीनला सात मिनिटं कमी असताना ते कारखान्याच्या ऑफिसात डबा छातीशी धरून उभे होते. पारा चोवीसवर होता.

"पावडर ठरली होती, मोतीरामजी," बापूसाहेब म्हणाले. "हे काय, चटणी आणली?"

"सायेब, पहिले पाहून तर घ्या."

केमिस्ट गीतांजली मॅडमनी चमचाभर गोळा थंड पाण्यात ढवळला, गाळला आणि यंत्रात ठेवला. काचेच्या नळीत निळा उतरला होता, मोरपंखी, तळाशी किंचित लालसर चमक असलेला. त्यांनी आकडा दोनदा वाचला.

"वाळवलेल्यापेक्षा चांगलाय," त्या म्हणाल्या. "वाळवताना थोडा मरतोच. असाच ओला आणत जा, काका. फक्त बर्फ जास्त घाला."

अहवाल तिथेच टंकला गेला. 'सदर नमुना विहित निकषांस उतरत असून श्री. खंडारे यांस नैसर्गिक रंगद्रव्याचे अधिकृत पुरवठादार म्हणून मान्यता देण्यात येत आहे.' मोतीरामांनी सही केली, कागदाची चौघडी खिशात घातली आणि संध्याकाळची गाडी धरली.

अधिकृत पुरवठादारांना गाडीत झोप लागली, आणि अकोल्याऐवजी ते पुढच्या शेगावला उतरले.