दोन्ही भिंतींचे दांडे

सुतारकामाच्या कारखान्यात त्याला सगळे रंधा म्हणायचे. एकदा रंधा मारायला लागला की थांबायचा नाही. त्याच्या शेजारच्या टेबलावर मी एकोणतीस वर्षं काढली. त्याच्या कामात खोट काढणं सोपं नव्हतं, आणि मी काढायला बसलेलाच असायचो.

त्याच्या घराच्या वर शिवणकाम करणाऱ्या मावशी एकट्या राहायच्या. भुसा उडतो, ठोकाठोक होते म्हणून वर्षानुवर्षं त्यांनी रंधाचं डोकं खाल्लं. त्याच्या खिडकीवर बादलीभर पाणीही ओतलं होतं. एकदा मी विचारलं, "तू ऐकून कसं घेतोस?"

"शेजाऱ्यावर प्रेम करायला सांगितलंय. शेजारी कसा असावा ते नाही सांगितलं." एवढं बोलून तो चर्चला गेला. धर्मावर यापेक्षा लांब बोलताना मी त्याला ऐकलं नाही.

मग मावशींना अर्धांगवायूचा झटका आला. बोलणं शाबूत राहिलं, उजवा हात गेला, उजवा पाय ओढत चालू लागल्या. पुतण्या म्हणाला, "रविवारी येतो. एकटीनं जिना उतरून दाखव आणि चढून दाखव. नाहीतर सामान बांध आणि माझ्याकडे चल." मावशींना तिथे जायचं नव्हतं. चाळीस वर्षांची खोली, खिडकीपाशी मशीन. पण दोन भिंतींमधल्या त्या जिन्याला धरायला काहीच नव्हतं.

रंधानं दांडा करायला घेतला. तीन जाडीचे गोल तुकडे कापून बायकोबरोबर वर पाठवले. मुठीत कोणता नीट बसतो ते बघायचं होतं.

"पोरखेळ आहे नुसता," मावशी म्हणाल्या आणि मधला ठेवून घेतला.

शुक्रवारी आम्ही दोघांनी दांडा बसवला. चढताना डावीकडे, चांगल्या हाताला. मी लोंबकळून पाहिला, हलला नाही. शनिवारी सकाळी रंधा आणि त्याची बायको यांनी दोन बाजूंनी धरून मावशींना खाली आणलं. मग त्या एकट्या चढल्या. चौदा पायऱ्या, दोनदा थांबून. वर पोचल्या, वळल्या आणि तिथेच उभ्या राहिल्या.

दांडा आता उजवीकडे होता.

"चढवलंस बाबा," त्या वरून म्हणाल्या. "आता उतरवायला देवदूत येणार का?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. जन्मभर आम्ही दारं, फळ्या, कपाटं घेऊन वर चढलो. उतरताना हात रिकामे. उतरायला आधार लागतो हे दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. डोकं दोघांचं मिळून एकच होतं, आणि तेही चढतं.

"लाकूड?" मी विचारलं. लाकडाचं दुकान शनिवारी बंद, सोमवारीच उघडणार होतं.

रंधा त्याच्या पलंगाखाली वाकला. तिथे बारा वर्षं जपून ठेवलेली सागवानी फळी होती. वहिनींच्या कपाटासाठी.

वहिनी दारात उभ्या होत्या. "घ्या," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं कपाट का नाही ते लोकांना सांगता येत नव्हतं. आता सांगेन."

संध्याकाळपर्यंत आम्ही फळी चिरली, गोल केली, घासली आणि दुसऱ्या भिंतीला दांडा बसवला. घाईचं काम मला आवडत नाही. हे घाईचं होतं, पण कच्चं नव्हतं.

रविवारी चर्च सुटल्यावर पुतण्या आला, हातात रिकामी बॅग घेऊन. मावशी डावा हात नव्या दांड्यावर ठेवून एकेक पायरी उतरल्या. खाली आल्या, वळल्या, पुन्हा वर गेल्या. वरून म्हणाल्या, "बॅग चांगली आहे. ठेवून जा. कापडाच्या चिंध्या भरायला होईल."

पुतण्या हसला आणि बॅग ठेवून गेला.

मग त्यांनी रंधाला हाक मारली. आता आभार मानतील असं मला वाटलं.

"नव्या दांड्याला खालून तिसऱ्या पायरीशी कुसळ लागतं हाताला."

रंधा पॉलिश पेपर आणायला गेला. तेवढ्यात मी त्या जागेवरून तळहात फिरवला, दोनदा फिरवला. कुसळ नव्हतं. तो आला तेव्हा तसं सांगितलंही.

"माहीत आहे," तो म्हणाला. त्यानं तिथे हलक्या हातानं घासलं, फुंकर मारली आणि बाजूला झाला.

मावशी उतरून आल्या. दांड्यावरून हात फिरवला.

"हं. आता बरं आहे," त्या म्हणाल्या. "आणि तो भुसा झाडून घे."